तोंडाला फेस

सोलापुरात दाढी नुसत्या पाण्यानं होत असे, आणि ते पाणीही जड असे, त्या काळातली ही हकिगत. न्हावी दारी यायचा, धोकटी सोडायचा, पितळेच्या वाटीतलं पाणी तळहातानं गालांवर चोळायचा, आणि गिऱ्हाईक डोळे मिटून रामरक्षा म्हणायला लागायचं. दाढी झाली की माणसं आरसा मागत. आपण देखणे दिसतो का हे पाहायला नव्हे. सगळं जागच्या जागी आहे ना, हे पाहायला.

वेणीमाधवराव वळसंगकर हे कचेरीतले हेडक्लार्क चाळिशी उलटेपर्यंत याच पंथातले होते. तंबाखू नाही, विडी नाही, चहासुद्धा बशीभरच. ज्याच्या खर्चाच्या बाजूला काहीच मांडता येत नाही अशा माणसाकडं मी नेहमी संशयानं बघतो. असा माणूस कुठं तरी एकदाच, पण ठोक घसरतो. वेणीमाधवराव मुंबईला घसरले. कचेरीचे कागद पोचवून झाल्यावर उन्हानं जीव नको झाला, म्हणून ते गिरगावात एका केशकर्तनालयात शिरले. आत पंखा होता. पंख्याखाली नुसतं बसू देत नाहीत, म्हणून त्यांनी दाढी सांगितली.

तिथल्या कारागिरानं चिनी मातीचं वाडगं घेतलं. त्यात साबणाची गोल वडी होती. गरम पाण्यात बुडवलेला ब्रश त्यानं वडीवर फिरवायला सुरुवात केली, आणि आधी वास आला. चंदनाचाच वास. पण देवघरात सहाणेवर उगाळलेलं चंदन सोवळ्यात असतं. हे चंदन कोट-टोपी घालून फिरायला निघालेलं होतं. मग गालाला ऊब लागली. मग फेस. आधी ताकासारखा, मग सायीसारखा, आणि शेवटी टांगून ठेवलेल्या चक्क्यासारखा, घट्ट आणि तरी हलका. कानाजवळ तो बारीक कुजबुजत विरत होता. त्या फेसातून वस्तरा गेला तो लोण्यातून सुरी गेल्यासारखा. वेणीमाधवराव खुर्चीवरून उठले तेव्हा त्यांनी त्या कारागिराला ‘आपण’ म्हटलं. कलेक्टरसाहेबांच्या चिटणिसाशी बोलतानाही ते हा शब्द हात राखूनच वापरत.

घरी परतल्यावर पहिल्याच रविवारी सिदू न्हावी आला. सिदूच्या बापानं वेणीमाधवरावांच्या बापाची दाढी केली होती, आणि ते घर सिदूचं ठरलेलं होतं. एका न्हाव्याच्या गिऱ्हाइकाला दुसऱ्यानं हात लावायचा नाही, हा त्यांच्यातला कायदा इंग्रजांच्या कायद्याहून जुना आणि कडक. सिदूनं गाल चोळायला घेतला तसं वेणीमाधवराव म्हणाले, “सिदू, तू साबण का वापरत नाहीस?”

“कशाला?”

“दाढीला. फेस करायचा, मग वस्तरा लावायचा.”

सिदूनं हात थांबवला. “रावसाब, साबण मळक्या कापडाला आसतोय. तुमचं त्वांड काय धोतार हाय व्हय?”

“मुंबईला असंच करतात.”

“म्हमईच्या न्हाव्याचा हात जड आसंल. त्येला लागत आसंल साबण. आमच्या बाला आंधळा झाल्यावर सुदीक लागला न्हाय.”

आंधळ्या न्हाव्याचा दाखला गळ्यावर वस्तरा असताना कुणालाच आवडणार नाही. तशात हनुवटीखाली कापलं. वेणीमाधवराव तुरटीचा खडा दाबत म्हणाले, “धार सगळी तुझ्या जिभेला आहे सिदू. वस्तऱ्याला थोडी ठेवली असतीस तर बरं झालं असतं.”

सिदूनं धोकटी गुंडाळली. दारात मात्र वळला. “तुमचा त्यो फेस ईल तवा सांगावा धाडा. तवर ह्या उंबऱ्याला मी न्हाय.”

“आणि फेस येईपर्यंत या गालाला वस्तरा नाही,” असं वेणीमाधवराव म्हणाले. ऐकायला घरात कुणी नव्हतं. बायको, अनसूया, सांगोल्याला भावाकडं गेलेली. भावजयीच्या बाळंतपणासाठी तिथंच तीन महिने अडकलेली. मुलीचं लग्न पार पडावं म्हणून सोळा सोमवारही तिनं तिथंच नुकते धरलेले. मुलगी मालतीही तिच्याबरोबर. पण रिकाम्या घरात केलेली प्रतिज्ञा जास्त बांधते. सोडवायला कुणी नसतं.

त्यांनी मुंबईच्या एका व्यापाऱ्याला लिहिलं : चंदनाच्या दोन वड्या, वाळ्याची एक, आणि एक ब्रश, रेल्वे पार्सलनं, बिल्टी, म्हणजे पार्सल सोडवायची पावती, टपालानं. दिवस स्वदेशीचे होते, म्हणून ‘माल देशी असावा’ हे तांबड्या शाईनं. घर वैदिक होतं, म्हणून ‘चरबी नसावी’ हे खाली दोन रेघा मारून. ब्रशाचे केस कोणत्या जनावराचे, हेही विचारलं. उत्तर आलं, घोड्याचे. वेणीमाधवरावांना हायसं वाटलं. घोड्याचं कसं, यज्ञात चालतो, वरातीत चालतो, मग गालावर चालायला काय हरकत. माल मात्र सावकाश पाठवू, असंही व्यापाऱ्यानं कळवलं होतं, आणि याबाबतीत तो शब्दाला जागला.

दाढी वाढू लागली. आधी खुंट आले, मग त्यात पांढरं दिसू लागलं, मग खाज सुटली. कचेरीत साहेबानं एकदा चष्म्यावरून पाहिलं. पण खरी चौकशी झाली ती घरच्या कट्ट्यावर, शेजारच्या संगप्पाकडून. संगप्पा चादरींचा दलाल. आज मैंदर्गीचा बाजार, उद्या वळसंगचा. माल आणि बातमी एकाच गाठोड्यात बांधून नेणारा माणूस. आणि वेणीमाधवरावांच्या मुलीचं स्थळ मैंदर्गीलाच ठरत आलं होतं. तिथल्या देवस्थानाचे पुजारी कमलाकरपंत यांचा मुलगा. पसंती झाली होती, माघातली तिथी तेवढी काढायची राहिली होती.

“दाढी ठेवलीत की,” संगप्पा म्हणाला.

मुलीचं लग्न तोंडावर आलेल्या गृहस्थानं गालांसाठी सुवासिक साबण मागवलाय, हे संगप्पाला सांगणं म्हणजे पाच गावांच्या बाजारात दवंडी पिटणं. वेणीमाधवराव सावधपणे म्हणाले, “एक यायचंय. ते येईपर्यंत दाढीला हात लावायचा नाही, असं ठरवलंय.”

“यायचंय?”

“हो. लांबलंय जरा. पण येईल सुखरूप.”

“येईल की. शिवाची कृपा.” संगप्पाचा आवाज एकदम मऊ झाला. “सांभाळून असा मात्र.”

साबणाच्या पार्सलाला इतकी माया दाखवणारा शेजारी मिळायला भाग्य लागतं, असं वेणीमाधवरावांना वाटलं. भाग्य कसलं. बायकोला दिवस गेले आणि पाचवा-सहावा लागला की नवऱ्यानं श्मश्रू करायची नाही, हे त्या पेठेत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि ‘एक यायचंय’ म्हटल्यावर ते पार्सल असेल असं कोण समजेल. अनसूया तीन महिने सांगोल्याला असल्यामुळं पेठेच्या जमाखर्चात तिच्या नावाची तेवढी पानं कोरी होती. ती संगप्पानं भरून टाकली.

त्याच आठवड्यात अनसूया परतली. मालतीला मात्र मामीच्या मदतीला सांगोल्यालाच ठेवून आली. नवऱ्याची दाढी बघून तिनं विचारलं. “सिदूशी वाजलं” एवढंच उत्तर तिला मिळालं, आणि ते खरंही होतं. मंगळवारी सकाळी संगप्पाची बायको रुद्राणी पदराखाली काही तरी झाकून आली. चिंचेचा गोळा, हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि दोन कवठं.

“खावंसं वाटतं या वेळी,” रुद्राणी म्हणाली.

अनसूयेला चिंच कोणत्याही वेळी खावीशी वाटे. तिनं ठेवून घेतली.

रुद्राणी जवळ सरकून हळूच म्हणाली, “कितवा अक्का?”

अनसूयेला वाटलं, सोमवार. कालच तर झाला होता. ती म्हणाली, “पाचवा झाला की काल. आता सहावा.”

“यव्वा. आणि आम्हाला पत्ता नाही.”

“गाजावाजा कशाला. मनातलं आहे ते. पार पडलं म्हणजे मिळवली.”

“पडेल की, पडेल. देव देणारच.” रुद्राणीचे डोळे भरून आले. बायकांचं हृदय किती थोड्या भांडवलावर चालतं, याचं मला नेहमी कौतुक वाटतं. संगप्पानं जे संशयावर उभं केलं होतं, ते अनसूयेनं असं सही-शिक्क्यानिशी पक्कं करून दिलं. गुरुवारी संगप्पा मैंदर्गीच्या बाजाराला गेला.

इकडं पेठेतली वागणूक बदलली. नळावर अनसूयेला घागर उचलू देईनात. कुणी लोणचं पाठवलं, कुणी भाजक्या शेंगांची तिखट चटणी. सुरुवातीला तिला वाटलं, आपण सांगोल्याहून आलो म्हणून हे अगत्य. मग समोरच्या म्हातारीनं तिला तुळशीला पाणी घालताना हटकलं, “वाकू नकोस गं अशी. या वयाचं बाळंतपण जड जातं. बरं, अंगानं मुळातच भरलेली, त्यामुळं कळून येत नाही, तेवढं बरंय.”

अनसूया घरात आली. वेणीमाधवराव कचेरीला निघण्यासाठी पगडी घालत होते. ती म्हणाली, “पगडी ठेवा खाली.”

त्यांनी ठेवली.

“दाढी तुमची वाढतेय आणि डोहाळे माझे पुरवताहेत. काय सांगितलंत तुम्ही लोकांना?”

सारं बाहेर आलं. मुंबई, पंखा, चंदन, बिल्टी. फेसाचं वर्णन करताना वेणीमाधवराव जरा वाहवतही गेले. अनसूया ऐकत होती. अशा प्रसंगी ती बोलत नसे, हीच त्यांची धास्ती होती.

“साबण,” शेवटी ती म्हणाली.

“चंदनाचा. चरबी नाही त्यात.”

“मला भरलेली म्हणाली ती म्हातारी. साबणापायी.” मग तिनं तव्यावरची भाकरी उलटली. “आता ऊठसूट प्रत्येकीला मी काय सांगत फिरू? नाही म्हटलं तर म्हणतील, लाजतेय. तुम्ही आधी जा आणि दाढी करून या. आणि हे मैंदर्गीला पोचलं असेल, तर आधी मालतीचं काय ते बघा. आईला दिवस गेलेत म्हणून लेकीचं कार्य पुढं ढकलणारी माणसं आहेत ती.”

आता वेणीमाधवरावांच्या ध्यानात आलं. कमलाकरपंतांचं घर शास्त्राचं. मुलीच्या आईला पाचवा लागला की कार्य नको, असं त्यांच्याकडं पूर्वापार. माघ हुकला तर पुढं सिंहस्थ, मग मुहूर्तच नाहीत. स्थळ तोवर थांबेल कशाला. मालतीला मुलगा आवडला होता. तिनं तसं सांगितलं नव्हतं, पण मैंदर्गीचं नाव निघालं की भाकरी जाड थापत होती.

ते तसेच सिदूकडं गेले. अभिमान गिळून म्हणाले, “चल, फेस राहू दे. पाण्यानंच कर.”

सिदू उठलाच नाही. “न्हाय रावसाब.”

“माफी मागतो, झालं?”

“माफीचं न्हाय. वैनीसाब पोटुशी हाईत. आशा टायमाला मी वस्तरा लावला आन काय इपरीत झालं तर? माज्या हातानं न्हाय व्हनार.”

“अरे, तसं काही नाही. ती पोटुशी नाही.”

सिदू समजूतदारपणे हसला. “दिष्ट लागंल म्हून न्हाय म्हनायचं. ठावं हाय.”

दुसरा न्हावी मिळेना, कारण कायदा. स्वतःच्या हातानं करावी तर वेणीमाधवरावांनी उभ्या आयुष्यात वस्तरा फक्त खालून पाहिला होता. आणि समजा, केलीच कशीबशी, तर पेठ म्हणणार, पोटच्या जिवाचीही पर्वा नाही या माणसाला. दाढी ठेवावी तर मुलीचं लग्न मोडतं, काढावी तर बापाची अब्रू जाते. इतकी जबाबदारी अंगावर असलेली दाढी सोलापुरात दुसरी नव्हती.

नेमकी तेव्हाच बिल्टी आली.

स्टेशनाबाहेरच्या जकात नाक्यावर शिवलिंगप्पा नाकेदार बसत. अतिशय सचोटीचा माणूस. हाच काय तो दोष. त्यांनी पार्सल उघडलं, वडी नाकाशी नेली, डोळे मिटले, आणि खाली ठेवली. “हे अत्तरात बसतं.”

“साबण आहे हो तो.”

“साबण माझ्या यादीत एकच आहे, कपडे धुण्याचा. तुम्ही यानं कपडे धुणार?”

“छे. तोंड. म्हणजे दाढी.”

“मग उटण्यात घालू? उटणं-अत्तर एकाच रकान्यात आहे बघा. वास येतो ना?”

“वास येतो. पण फेसही येतो. फेस येतो तो साबण.”

शिवलिंगप्पांना हे पटण्यासारखं वाटलं. चुकीच्या रकान्यात माल घातला असता तर त्यांना रात्री झोप लागली नसती. ते म्हणाले, “फेस दाखवा. आला तर साबण लिहितो.”

नाक्यावर विहिरीचं पाणी होतं. वेणीमाधवरावांनी वाटीत वडी ठेवून ब्रश फिरवला. सोलापूरच्या विहिरीचं पाणी ते. त्यानं डाळ शिजत नाही, तिथं फेस कुठला. वाटीत नासल्या दुधासारखी चोथापाणी गत झाली. जमलेले हमाल हसले. शिवलिंगप्पांनी दौत जवळ ओढली. “अत्तर.”

“थांबा. गरम आणि हलकं पाणी पाहिजे याला.”

याच वेळी सिदू तिथं आला. स्टेशनावर उतारूंच्या दाढ्या करायला तो यायचा, आणि साबण आला हे त्याच्या कानावर गेलं होतं. हात लावायचा नाही, पण फजिती तरी बघू, एवढ्याच हेतूनं तो धोकटी कडेवर घेऊन उभा राहिला. रायचूरची गाडी फलाटाला लागली होती. सिदूच्याच ओळखीच्या फायरमननं इंजिनातलं पाणी लोट्यात सोडून दिलं. वाफाळतं, इंजिनाच्या पोटात उकळून उकळून मऊ झालेलं.

वेणीमाधवरावांनी ब्रश त्या पाण्यात बुडवला, झटकला, वडीवर फिरवला. पहिले दोन वळसे काही झालं नाही. तिसऱ्याला पांढरी रेघ उठली. मग फेस वाटीत मावेना. चंदनाचा वास नाक्यावरून निघाला तो कोळशाचा धूर, टांग्याच्या घोड्यांचा वास, पेंडीच्या पोत्यांचा वास, सगळ्यांना बाजूला सारत. एक टांगेवाला म्हणाला, “कुठं लगीन हाय का वो?” हमालांचं हसणं थांबलं. वेणीमाधवरावांनी आता मागंपुढं न बघता नाक्याच्या स्टुलावर बसून तो फेस गालाला लावला. एवढ्या वाढलेल्या दाढीत तो मुरला, फुगला, आणि कानापासून कानापर्यंत पसरला. खाज थांबली. त्यांनी डोळे मिटले. मुलगी, मैंदर्गी, माघ, सारं क्षणभर त्या फेसाखाली गेलं.

शिवलिंगप्पांनी वाटीतला फेस बोटावर घेऊन स्वतःच्या गालाला लावून पाहिला, आणि आदरानं लिहिलं, ‘साबण’.

सिदूनंही बोट बुडवलं. बोट चोळलं, हुंगलं, पुन्हा चोळलं. “आयला,” तो पुटपुटला, “ह्यात तर वस्तरा आपसूक पळंल.” त्याचा हात धोकटीकडं गेला, पुन्हा मागं आला. कारागिराला इतकं छळणं बरं नव्हे. समोर आयुष्यातली सगळ्यात देखणी दाढी तयार होऊन बसलेली, आणि मध्ये पाप आडवं.

“वळसंगकर?”

वेणीमाधवरावांनी डोळे उघडले. समोर पडशी खांद्याला टाकून मैंदर्गीचे कमलाकरपंत उभे होते. रायचूरच्या गाडीतूनच उतरले होते.

“या, व्याहीबुवा,” वेणीमाधवराव फेसातून म्हणाले. ओठांवर फेसाचा एक फुगा आला आणि फुटला.

कमलाकरपंतांनी त्यांना वरून खाली पाहिलं. “मी तिथी पुढं ढकलायची म्हणून सांगायला आलो होतो. आणि तुम्ही इथं श्मश्रूला बसलात. म्हणजे बातमी खोटी, नाही तर तुम्ही…” पुढचं त्यांनी सभ्यपणे गिळलं.

“खोटी.”

“मैंदर्गीचा सगळा बाजार म्हणतो.”

“मैंदर्गीचा बाजार माझ्या घरात राहतो का?”

“संगप्पा तुमच्या भिंतीला भिंत लावून राहतो.”

वेणीमाधवराव म्हणाले, “साबण यायचा होता, व्याहीबुवा. साबण.” हे वाक्य खरं होतं, आणि खऱ्या वाक्यांचा असा एक दिवस येतो की ती उच्चारण्यापेक्षा खोटं बोलणं अधिक प्रतिष्ठेचं दिसतं.

कमलाकरपंत म्हणाले, “तुमच्या शब्दावर मी विश्वास ठेवीन. पण घरात माझी आई आहे. तिच्या कानी हे गेलंय. तिला मी साबणाची गोष्ट सांगू?” आवाजात राग नव्हता, त्यांनाही हे स्थळ हातचं घालवायचं नव्हतं. “चला घरी. बसून बोलू.”

टांग्यात दोघं बसले. पुढं टांगेवाल्याशेजारी, कुणी न बोलावता, सिदू. घाईत फेस धुवायचा राहिला होता आणि पंचा पार्सलाला गुंडाळला होता, त्यामुळं वेणीमाधवराव पांढऱ्या तोंडानंच पेठेतून गेले. गिरणीचा भोंगा नुकताच झाला होता. रस्ता माणसांनी भरलेला. फेस उन्हानं वाळू लागला, आणि गाल असे ताणले गेले की ओळखीचे नमस्कार करत तेव्हा त्यांना हसताही येईना.

टांगा दारात थांबला. रुद्राणी तिच्या पायरीवर, समोरची म्हातारी तिच्या खिडकीत. आणि ओसरीच्या कोपऱ्यात, सगळ्या पेठेला दिसेल अशा जागी, घोंगडीचा तुकडा अंथरून अनसूया बसली होती. बाजूला पाण्याचा वेगळा तांब्या.

सकाळी हीच बाई सोवळ्यात स्वयंपाक करत होती. वेणीमाधवरावांनी तोंड उघडलं. अनसूयेनं त्यांच्याकडं फक्त पाहिलं. त्यांनी तोंड मिटलं. थोडा चंदनाचा साबण आत गेला.

“या व्याहीबुवा,” अनसूया पदर सावरून म्हणाली. आवाज असा की खिडकीतल्या म्हातारीला कानामागं हात धरायला लागू नये. “जरा लांबूनच जा हं. मी आजपासून बाजूला आहे. पाणी हे देतील.”

रुद्राणीनं गालाला बोट लावलं, उठली, आणि आत जाऊन म्हणाली, “अहो, ऐकलंत का. तुम्ही पुन्हा मैंदर्गीला जाऊन या.” हे भिंतीपलीकडून स्वच्छ ऐकू आलं. पोटुशी बाई बाजूला बसत नाही, यापुढं कुठल्याही शास्त्राचं काही चालत नाही.

कमलाकरपंतांचा चेहरा उजळला. आईला सांगता येईल अशी गोष्ट त्यांना मिळाली होती. पाटावर बसता बसता ते म्हणाले, “मग माघातली पंचमी धरू.”

“धरू,” वेणीमाधवराव म्हणाले, आणि त्यांना वाटलं की आपण रडू; पण गालच हलेनात.

आता पाप उरलं नव्हतं. सिदूनं कुणाला न विचारता परसातल्या चुलीवरून गरम पाणी आणलं. नळाचं, तलावातून येणारं, हलकं. ब्रशही त्यानं वेणीमाधवरावांच्या हातून काढून घेतला. नवा फेस केला, तो वाळलेल्यावर थापला, आणि वस्तरा हातावर घासून लावला. पहिल्या ओढीला दाढीची पट्टी निघाली आणि खालून जुना गाल दिसला. वस्तऱ्याचा आवाज पिकलेली ज्वारी कापल्यासारखा, पण बारीक. सिदू दर ओढीनंतर वस्तऱ्यावरचा फेस बोटानं काढून नुसता बघत होता. कापलं कुठं नाही. शेवटी त्यानं गालावरून उलटा तळहात फिरवला. “रावसाब,” तो म्हणाला, “म्हमईला ह्यो साबण आसंल. हात न्हाय.” वेणीमाधवरावांनी ते मान्य केलं.

कमलाकरपंत हे सगळं जपमाळ हातात धरून पाहत होते. “चरबी?” त्यांनी विचारलं.

“नाही. खोबरेल.”

“केस?”

“घोड्याचे.”

कमलाकरपंतांनी जपमाळ गोमुखीत ठेवली आणि पाटासकट पुढं सरकले. “वाळ्याची आहे म्हणालात ना एक?”

त्या दिवशी दोन्ही व्याही चंदन-वाळ्याच्या घमघमाटात एकमेकांसमोर बसून वधूवरांचे गुण, मानपान आणि फेस या तिन्ही विषयांवर बोलले, आणि फेसावर सगळ्यात जास्त. जाताना वाळ्याची वडी पडशीत गेली. स्वयंपाक मात्र बाजूला बसलेल्या अनसूयेच्या हुकुमांवर वेणीमाधवरावांना करावा लागला. त्या दिवशी, आणि पुढले दोन दिवस. भात खाली लागला, आमटीत मीठ दोनदा पडलं, भाकरीचा नकाशा झाला. अनसूया ओसरीवरून ठेच्यात लसूण किती ते सांगत, रुद्राणीनं दिलेली कवठं फोडून खात होती. चौथ्या दिवशी न्हाऊन ती घरात आली, तेव्हा वेणीमाधवरावांनी विचारलंही, “ते खरंच होतं का?” ती म्हणाली, “मैंदर्गीला पटलं ना?”

मग घर रुळावर आलं. सिदू बुधवार-रविवार न चुकता येऊ लागला. वडी तो धोकटीत ठेवायला मागायचा, वेणीमाधवराव देईनात. कचेरीत साहेबानं विचारलं, हा वास कसला. कट्ट्यावर संगप्पा मान खाली घालून बसे. माणसं रस्त्यात थांबून गालाकडं पाहत, आणि वेणीमाधवराव, ज्यांच्या खर्चाच्या बाजूला आजवर काही नव्हतं, ते थोडे हळू चालत. कौतुक पोचायला माणसाला वेळ द्यावा लागतो.

असाच एक संध्याकाळचा सुमार. ते कचेरीतून परतले. पंधरवडासुद्धा उलटला नव्हता. उपरणं खुंटीला लावायला ओसरीवर चढले, तो कोपऱ्यात घोंगडीचा तुकडा, वेगळा तांब्या, आणि अनसूया. पलीकडच्या पायरीवर रुद्राणी शेंगा सोलत होती. तिनं एकदा अनसूयेकडं पाहिलं, बोटांवर काही तरी मोजायला घेतलं, मध्येच सोडून दिलं, आणि पुन्हा शेंगा सोलू लागली. बायकांना हिशोब येतो. कुठला मांडायचा नाही हेही येतं.

“शिवू नका,” अनसूया म्हणाली. “भात टाका तेवढा.”

“अगं, पण आत्ताच तर…” वेणीमाधवरावांनी आवाज खाली आणला. “आत्ताच तर झालं होतं ना?”

“ती तुमच्या दाढीची होती,” अनसूया म्हणाली. “ही माझी.”